गोळीचं, आजाराचं की उन्हाचं

मी बायपोलर आजारासाठी लिथियमची गोळी घेतो आणि नागपुरात राहतो, आणि या दोन गोष्टींचं आपसात फारसं जमत नाही. हिवाळ्यात काही वाटत नाही, जेवण झालं, गोळ्या घेतल्या, पांघरूण ओढलं, झोपलं. पण होळी झाली आणि कूलरला नवीन वाळ्याच्या ताट्या लागल्या की आमच्या घरी वेगळाच हिशोब सुरू होतो, आज पाणी किती प्यायलो, घाम किती गेला, हात कालच्यापेक्षा जास्त हलून राहिला का. बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) निघालं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी काय काय केलं, किती पैसे उडवले, कसं ॲडमिट केलं ते इथे लिहीत नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते त्याच्या नंतरचं, म्हणजे आजार ताब्यात आला, घरचे म्हणाले चला सुटलो बापा एकदाचे, आणि मग गोळ्यांचा त्रास सुरू झाला तो.

सहन काय, माणूस करतो. डोकं खाते ते हे ओळखणं, की आत्ता जे होऊन राहिलं ते गोळीचं आहे, आजाराचं आहे की नुसतं उन्हाचं आहे. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि नातेवाइकांकडे तर तिन्हीवर एकच उपाय असतो, "ह्या गोळ्याच बंद कर नं."

सुरुवात हातापासून झाली. मी इतवारीत एका होलसेल व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघतो. शेठकडे बाहेरची पार्टी आली की चहा कपबशीत येतो, एरवी ग्लासात. मी कप उचलला की तो बशीवर टकटकटक वाजायचा, दोन्ही हातांनी धरला तर आणखीनच वाजायचा, आणि समोरचा माणूस बोलता बोलता थांबून माझ्या हाताकडे बघायचा. शेठ एकदा सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "क्या भाऊ, रात को जादा हो गई क्या?" मी दारूला शिवत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे, गंमतच होती, पण त्या दिवसापासून मी पोऱ्याला सांगून ठेवलं की मला ग्लासात आणि अर्धाच आणत जा. जाड काचेचा ग्लास अर्धा भरलेला असला तर कितीही हलला तरी सांडत नाही, हे ज्याचे हात हलतात त्यालाच सुचते.

मग पोराच्या शाळेचा फीचा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. वरून बँकेने चार्ज कापला तो वेगळा. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मुलाने कागद पुढे केला, यावर तीन सह्या करा. केल्या. तिन्ही वेगळ्या. तो पोट्टा मला असा बघू लागला जसं काही मी दुसऱ्याच कुणाचं खातं चालवून राहिलो. माझी जुनी सही लांबलचक, शेवटी एक मोठी गाठ मारलेली होती, ती आता हातून होतच नव्हती. शेवटी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये बसून नवीन आखूड सही दिली, आडनावाची तीन अक्षरं आणि खाली रेघ सुद्धा नाही. रेघ मारायला गेलो की ती वाकडी जाते.

आमच्या डॉक्टर मॅडम धंतोलीत बसतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी हात पुढे करायला लावले, बोटं पसरून, मग त्यावर एक कोरा कागद ठेवला. नुसत्या नजरेला जे दिसत नव्हतं ते कागदाच्या फडफडण्यात दिसलं. मग पेन देऊन गोल गोल चकरी काढायला सांगितली, आतून बाहेर, जिलबी काढतात तशी. त्या कागदावर तारीख टाकून त्यांनी तो फाइलला लावला, आणि तेव्हापासून दर वेळी ती चकरी काढावी लागते. आज माझ्या फाइलमध्ये जिलब्यांचं दुकान आहे, पण कुठल्या महिन्यात हात किती हलत होता हे मला तोंडाने सांगावं लागत नाही, मॅडम पानं उलटून बघतात.

लिथियमने हात बारीक बारीक थरथरणं हे कॉमन आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण थरथर अचानक वाढली, मोठी झाली, घास तोंडापर्यंत नेता येईना असं झालं तर तो साइड इफेक्ट समजून घरी बसायचं नाही, ती रक्तात लिथियम वाढल्याची खूण असू शकते. मग चहाचा विषय निघाला. इतवारीत दिवसभरात किती चहा होतो ते कुणी मोजत नाही. चहा-कॉफीने थरथर वाढते म्हणून मी तडकाफडकी म्हणालो, सोडून देतो. तर त्या म्हणाल्या एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा, कारण कॅफिन लिथियमला शरीराबाहेर जायला मदत करते आणि ते एकदम बंद केलं तर लेव्हल वर जाऊ शकते. मी अकाउंटवाला माणूस, हे असं इकडची एन्ट्री बदलली की तिकडचा बॅलन्स हलतो म्हटलं की मला पटकन समजते. शेवटी थरथरीवर प्रोप्रानोलॉल नावाची गोळी सुरू झाली, त्याआधी दमा आहे का ते विचारलं, नाडी-बीपी बघितलं. हात पूर्ण थांबला नाही पण कपाचा आवाज गेला.

आता उन्हाचं सांगतो, कारण माझ्या मते नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यातल्या माणसाने ही गोळी घेताना सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला पाहिजे. लिथियम म्हणजे शेवटी एक क्षारच. (पोरं म्हणतात बाबांच्या पोटात मोबाइलची बॅटरी आहे. म्हणू देत.) किडनी त्याला साधारण मिठासारखंच वागवते. घामातून पाणी आणि मीठ गेलं की किडनी घाबरून मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते, म्हणजे गोळी तेवढीच घेतली तरी रक्तातली लेव्हल चढते. औषधाचा उपयोग होतो ती लेव्हल साधारण 0.6 ते 1.0 आणि 1.5 च्या वर गेलं की विषबाधेची काळजी सुरू. म्हणजे फायद्याची आणि धोक्याची पट्टी एकमेकीला लागूनच आहे, आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्यामुळे मे महिन्यात माझी पाण्याची बाटली म्हणजे शेठच्या तिजोरीच्या किल्लीएवढी महत्त्वाची वस्तू. ताक, मठ्ठा, पन्हं चालते, मीठ रोजच्यासारखं ठेवायचं, एकाएकी बंद पण नाही आणि उगाच जास्त पण नाही. बीपी आहे म्हणून कुणी म्हटलं मीठ सोडा, तर आधी मॅडमला विचारायचं.

उपासावरून घरी थोडं झालं. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवसांचे उपास असतात आणि आई एकादशीला पाणीसुद्धा घेत नाही, मी पण तिच्याच तालमीतला. मॅडम म्हणाल्या फराळ करा, फळं खा, पण पाणी बंद ठेवायचं नाही. आईला हे मी सांगून पटलं नसतं, म्हणून तिलाच एकदा धंतोलीला घेऊन गेलो. तिने मॅडमला सरळ विचारलं, "देवासाठी एक दिवस पण नाही का?" मॅडम म्हणाल्या, "आई, मग त्याच्या वाटचा तुम्हीच धरा." त्यावर आई खूष! आता ती माझे पण उपास धरते आणि संध्याकाळी मला ऐकवते की तुझ्यामुळे दुप्पट झाले.

लेव्हलची तपासणी हा अजून एक किस्सा. शेवटची गोळी घेतल्यानंतर 12 तासांनी रक्त द्यायचं असते, म्हणून मी आदल्या रात्री 9 ला गोळी घेतो आणि सकाळी 9 ला लॅबमध्ये हजर. एकदा रिपोर्ट आला 2.4. बायकोने रिपोर्ट वाचला आणि ती जी रडायला लागली. मी मात्र ठणठणीत, सकाळी पोहे-तर्री खाऊन, मेट्रोने चितार ओळीला उतरून ऑफिसात येऊन बसलो होतो. मॅडमना फोन केला तर त्यांनी उलटी आहे का, चालताना तोल जातो का, बोलणं जड झालं का विचारलं, आणि मग विचारलं की रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं, टोपण कोणत्या रंगाचं होतं. आता हे कोण बघते? पण बायको सोबत होती, तिला आठवलं, हिरवं. त्या रंगाच्या काही ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असते, म्हणजे ट्यूबमध्येच लिथियम! त्या रात्रीची गोळी थांबवायला सांगून सकाळी दुसऱ्या लॅबमध्ये साध्या ट्यूबमधून परत करवलं तर 0.6 आलं. एक गोळी चुकलेली होती तो भाग धरला तरी 2.4 वरून एका रात्रीत कुणी 0.6 ला येत नाही. तेव्हापासून मी लॅबवाल्याला सुई टोचायच्या आधी सांगतो, भाऊ, लिथियमची टेस्ट आहे, हिरवं टोपण नको. काही जण ऐकतात, काही जण असे बघतात की हा शिकवायला आला.

याच्या उलटही झालं, आणि ते खरं होतं. नवतपा, म्हणजे मे-अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता, कामठी रोडवरच्या एका लॉनवर साळ्याच्या घरचं लग्न, दुपारचा मुहूर्त. बरं, एवढ्या उन्हात दुपारचा मुहूर्त काढणाऱ्याला काय म्हणावं. रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हात नेहमीसारखा बारीक नाही तर झटके दिल्यासारखा हलू लागला. साळा म्हणाला ऊन लागलं, कांद्याचा रस तळपायाला चोळा. खिशात कांदा तर मी पण ठेवतो उन्हाळ्यात, त्यात काही वाद नाही, चोळला पण. पण बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, "अहो, तुम्ही असे का बोलून राहिले? जीभ जड झाली का?" मला स्वतःला काहीच वेगळं वाटत नव्हतं. तिने मला दारापर्यंत सरळ चालून दाखवायला लावलं, मी भिंतीला हात लावला. तिने कांदा बाजूला ठेवला, मॅडमला फोन लावला, आणि तासाभरात मला सलाइन चढत होतं. लेव्हल 1.7 होती. म्हणजे 2.4 वाला रिपोर्ट घेऊन मी ऑफिसात हिशोब करत होतो आणि 1.7 ला मला दार गाठता येत नव्हतं. आकडा आणि माणूस दोन्ही सोबत बघावे लागतात, हे मॅडम का म्हणत असतात ते त्या दिवशी कळलं. आता घरात ठरलेलं आहे, उलट्या-जुलाब सुरू झाले की पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन, मग रात्रीचे 11 का असेनात.

भुकेबद्दल लिहिलं पाहिजे, कारण तिने मला थरथरीपेक्षा जास्त लाज आणली. सुरुवातीला लिथियमसोबत ओलान्झापिन होती. गोळीने डोकं शांत झालं, झोप लागली, सगळं खरं, पण अशी भूक मी आयुष्यात बघितली नव्हती. जेवण झाल्यावर तासाभरात परत भूक. रात्री 1 वाजता उठून फ्रीजच्या उजेडात उभ्या उभ्या सकाळचा भात, त्यावर थंड वरण, मग संत्रा बर्फीचा डबा. पोट भरलं हे डोक्याला कुणी कळवतच नव्हतं. वजन चढलं, पँटी बदलल्या, तपासणीत साखर काठावर आली. लोक म्हणायचे तब्येत सुधारली! बायकोने एक काम केलं, काहीही न बोलता, रात्रीसाठी काकडी, फुटाणे आणि ताक वेगळं काढून समोरच ठेवू लागली आणि गोडाचे डबे तिच्या आईकडे पोचवले. भूक गेली नाही पण निदान माल बदलला. मॅडमनी कमरेचं माप, वजन, साखर, कोलेस्टेरॉल असं सगळं लिहून ठेवलं होतं, त्याच्याच आधारावर ती गोळी हळूहळू कमी करून अरिपिप्राझोल आणली.

आणि मग पाय. हे मला वाटते सगळ्यात कमी लोकांना माहीत असेल. नवीन गोळीच्या पहिल्याच दिवसांत मला एका जागी बसता येईना. खुर्चीत बसलो की आतून कुणीतरी ढकलल्यासारखं, उठून चाललं की क्षणभर बरं, थांबलं की परत तेच. रात्री गच्चीवर फेऱ्या मारत होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खालून बायको बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तेच जुनं दिसलं. परत सुरू झालं का? तिची चूक नाही, मॅनियात मी असाच रात्र रात्र फिरायचो. पण मला आतून फरक कळत होता. तेव्हा मला थांबायचंच नव्हतं, डोक्यात प्लॅनवर प्लॅन, सगळं जग झोपलंय आणि मी एकटाच शहाणा असं वाटायचं. आता मला फक्त बसायचं होतं, झोपायचं होतं, डोक्यात एकही कल्पना नव्हती, आणि पाय ऐकत नव्हते. तिला हे असंच सांगितलं. क्लिनिक बंद होतं, म्हणून तिने 14416 ला, म्हणजे सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथल्या ताईंनी मराठीत सगळं ऐकून घेतलं, गोळीचं नाव आणि कधी सुरू झाली ते विचारलं, आणि सकाळी आपल्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा म्हणाल्या. मॅडमनी ऐकल्या ऐकल्या नाव सांगितलं, अकॅथिसिया. डोस कमी केला, प्रोप्रानोलॉल थोडी वाढवली, आणि मी परत माणसासारखा खुर्चीत बसू लागलो. हाच त्रास आजार समजून गोळी वाढवली असती तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

थायरॉइडचं थोडक्यात. एका वर्षी मी असा मंद झालो की सकाळी दात घासायला पण जीवावर यायचं, सगळ्यांनाच वाटलं डिप्रेशन आलं. पण मे महिन्यात मला कूलरचा वारा बोचू लागला, मी चादर मागून राहिलो, नागपुरात, मे महिन्यात! बायकोने हे मॅडमला सांगितलं, त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला लावला, तो वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंद. लिथियमने थायरॉइड मंदावू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी तो बघायचा असतो. आता सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी आणि त्यानंतर अर्ध्या तासाने चहा, बस.

बाकी तहान, रात्री लघवीला उठणं, तोंडाला धातूसारखी चव, हे चालूच असते. रेल्वेत पॅसेजकडची सीट घ्यायची, थंड सरबतांऐवजी पाणीच प्यायचं नाहीतर वजन परत चढते. पलंगावरच्या गोष्टींवर पण परिणाम होतो, आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून लिहून टाकतो. मॅडमनीच विचारलं म्हणून मला सांगता आलं, नसतं विचारलं तर मी मेलो असतो पण बोललो नसतो. त्यातही गोळीच्या वेळा आणि डोस बदलून फरक पडला. आकड्यांचा वेग मात्र पूर्वीसारखा आला नाही. आधी मी पानभर बेरीज नुसती नजर फिरवून करायचो, आता कॅल्क्युलेटर लागतो. शेठना फरक पडत नाही, मला पडतो.

पाकिटात एक कागद ठेवलेला आहे, लिथियम चालू, आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी नको, बीपीची काही औषधं आणि लघवीची औषधं विचारल्याशिवाय नकोत. कंबर धरली की आपल्याकडे मेडिकलवाला पत्ता कापून देतो, विचारत काही नाही. मी आधी कागद दाखवतो, मग पॅरासिटामॉल घेऊन घरी येतो. दाताच्या डॉक्टरनेही तो कागद वाचून लिहिलेलं औषध खोडलं होतं.

यंदा फेब्रुवारीत लेव्हल, टीएसएच, क्रिएटिनिन सगळं केलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा, आधीपेक्षा किंचित वर आहे. मॅडम म्हणाल्या घाबरायचं नाही, मे मध्ये परत बघू, आणखी चढलं तर किडनीवाल्यांचं मत घेऊ आणि मग व्हॅल्प्रोएटसारख्या दुसऱ्या औषधाचा विचार करू. मी विचारलं त्याने काय काय होते. म्हणाल्या, वजन वाढू शकते, हात त्यानेही हलू शकतो, लिव्हर बघावं लागते, आणि केस गळतात काहींचे. बायको माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, ते शेवटचं लिस्टमधून काढून टाका, तिथे काही राहिलंच नाही." मे ची तारीख घेऊन आलोय, सकाळी 9 ची.